करंगुटकरांची शहाणी हत्यारं

करंगुटकर तीन वर्षं गिटार करत होते, आणि त्या तीन वर्षांत त्यांनी गिटारसाठी साधी एक फळीसुद्धा कापली नव्हती. केली ती फक्त हत्यारं. गिटार करायला काय काय लागतं ते त्यांनी एका वहीत लिहून काढलं होतं आणि त्यातलं एकही हत्यार विकत आणायचं नाही असं ठरवलं होतं. आता गंमत अशी की एक हत्यार करायला घेतलं की त्याच्यासाठी आणखी दोन लागायची. ती वहीत चढायची. वही वाढत गेली. गिटार होती तिथेच राहिली, म्हणजे नव्हतीच.

मी जन्मानं शेतकरी आणि हातानं सुतार. उमेळ्यात आमची केळीची वाडी, पण मला मातीपेक्षा लाकूड लवकर कळलं. चौथीत असताना मास्तरांची मोडकी खुर्ची घरी आणली, दुरुस्त करून परत नेली, तेव्हा मास्तरच म्हणाले, "दामू, तू इथे वेळ फुकट घालवू नकोस." तिथे माझी शाळा संपली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वसईत माझ्या हातची दारं अजून उभी आहेत. भर पावसाळ्यात एका बोटानं ढकला, आवाज न करता लागतात. नव्या इमारतींची दारं ढकलून बघा, मग माझ्याशी बोला.

आणखी एक सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी माझा डावा हात थरथरायला लागला. मी डावखुरा. पटाशी धरली की तिचं टोक लाकडावर नाचायचं. मी कुणाला सांगितलं नाही. "हल्ली धड लाकूडच मिळत नाही, मी कामं बंद केली," असं गावभर सांगून हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. सुनबाईनं ओळखलं असावं, कारण माझा चहा अर्धाच कप यायला लागला. ती बोलली नाही, मीही बोललो नाही. आमच्या घरात असंच चालतं.

तर करंगुटकर. वाडीचा पुढचा तुकडा बिल्डरला दिला तिथे सात मजली इमारत झाली, तिच्या चौथ्या मजल्यावर ते राहायला आले. मूळचे मालवणकडचे, पण सगळी नोकरी मुंबईत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. माणूस बारीक, सदरा नेहमी इस्त्रीचा, आणि लोक खिशाला पेन लावतात तिथे यांच्या खिशाला व्हर्नियर. व्हर्नियर म्हणजे केसाची जाडी मोजणारी पोलादी पट्टी. ती घेऊन हा माणूस दिसेल ते मोजायचा. पहिल्याच दिवशी माझ्या ओट्यावर आले, सुनबाईनं पापड ठेवला, तर यांनी तो खाण्याआधी चार ठिकाणी मोजला.

"मध्ये एक पॉइंट एक, कडेला एक पॉइंट चार," म्हणाले. "वहिनी, लाटणं मध्ये फुगीर आहे तुमचं."

सुनबाई आत गेली ती हसू दाबत. लाटणं मी केलेलं होतं.

"लाटनं फुगीरच असतं," मी म्हणालो. "मापात असतं त्याला दांडका म्हनतात."

याचा राग येऊन माणूस निघून जाईल असं मला वाटलं होतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला परत हजर. हातात पिशवी. "एक मिनिट हं नाना, फक्त बघा." त्या दिवसापासून रोज सकाळी नऊला ते एक मिनिट सुरू व्हायचं आणि जेवायच्या वेळेला संपायचं. पिशवीतून रोज काहीतरी निघायचं. सायकलच्या स्पोकची भोक पाडायची आरी. मोडक्या कात्रीची सुरी. शिलाई मशीनच्या चाकावर बसवलेला पॉलिश पेपर. बिनकामाचे ते कधी आले नाहीत. हातात दाखवायला काही नसलं तर माणूस फाटकातून आत यायचा नाही. एकदा तर नुसता स्क्रू घेऊन आले होते.

आमचं भांडण पहिल्यापासून एकाच गोष्टीवरून. त्यांचं म्हणणं, "अक्कल हत्यारात भरायची, नाना. मग ते कुणीही चालवू दे, काम सरळच येणार." त्यांच्या टूलरूममध्ये जन्मभर तेच चाललेलं. असा साचा बनवायचा की काल लागलेल्या कामगारानं डोळे मिटून भोक पाडलं तरी ते जागच्या जागीच पडावं.

"आनि हातात काय भरायचं?" मी विचारायचो. "भुसा?"

"हात दमतो, नाना. हत्यार दमत नाही."

"दमतो तो हात सुताराचा नव्हेच."

हे मी अगदी छाती काढून म्हणायचो. पेटी माळ्यावर गेल्यावरही म्हणत राहिलो. फक्त हात मांडीखाली दाबून म्हणायचो.

गिटारच का, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांना वाजवता येत नव्हती. गाणं म्हणावं तर आवाज कुकरच्या शिट्टीसारखा. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सगळ्यात जास्त हत्यारं गिटारला लागतात. मी चौकशी केली."

या हौसेपायी इमारतीत त्यांचं नाव फार चांगलं नव्हतं. गिटारच्या कुशीत आतून एक पातळ पट्टी चिकटवतात. सरस सुकेपर्यंत ती सगळीकडून धरून ठेवायला पन्नास-साठ चिमटे लागतात. करंगुटकरांनी शोध लावला की प्लास्टिकच्या पाइपच्या बोटभर चकत्या कापायच्या, प्रत्येक चकतीला एक चीर द्यायची, झाला चिमटा. शोध उत्तम होता. मी मनात कबूल केलं, तोंडानं नाही. पण पाइप त्यांनी आणला गच्चीवरून, भंगार समजून, आणि तो होता पाण्याच्या टाकीचा. टाकी भरली की वरचं पाणी त्यातून गटारात जायचं. त्या दिवशी ते सरळ खाली आलं, सेक्रेटरींच्या नुकत्याच पुसलेल्या गाडीवर, काच उघडी असताना.

सेक्रेटरी शोधत शोधत माझ्या ओट्यावर आले. "करंगुटकर, टाकीचा पाइप कापलात तुम्ही?"

"नुसता कापला नाही साहेब, चकत्या केल्या," करंगुटकर म्हणाले आणि एक पुढे केली. "बघा, कशी पकड आहे. साठच्या साठ सारख्या."

सेक्रेटरींनी ती चकती हातात घेऊन उघडमीट केली, दोन-तीनदा केली, आणि मग त्यांना आपण रागावलोय याची आठवण झाली. संध्याकाळी करंगुटकरांनी नवा पाइप आणून स्वतः बसवला. तो जुन्यापेक्षा सरळ बसला, हे सेक्रेटरीही मान्य करतात. ती चकती मात्र त्यांनी परत दिली नाही. तिच्यात ते आता वीजबिलं अडकवतात.

मग ते लाकूड वाकवायचं प्रकरण. एक लोखंडी नळा घ्यायचा, आतून तापवायचा आणि ओली पातळ फळी त्याच्यावर दाबत दाबत गिटारच्या कमरेसारखी वाकवायची. घरात धूर केला तर सेक्रेटरी येतील म्हणून हे काम माझ्या अंगणात, सुनबाईच्या पाणी तापवायच्या चुलीवर. निकामी फळ्यांच्या पट्ट्यांवर त्यांनी सराव सुरू केला. पहिली मोडली. दुसरी मोडली. सहावी मोडली तेव्हा सुनबाई म्हणाली, "काका, असं करा, मोडून झाल्या की इथेच टाका. चूल पेटवायला बऱ्या पडतात."

"अहो, घाई करताय," मी ओट्यावरून ओरडलो. "लाकूड वाफाळलं की सोताहून सैल पडतं. ते सांगंल तेव्हा दाबा. नुसतं व्हर्नियर लावून काय हुनार!"

"मग दाखवा ना नाना."

"मी सांगतोय ते कमी हाय का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी हात सदऱ्याखाली घेतला. ते परत नळ्याकडे वळले. दहावी पट्टी वाकली. मी तोंडानं वाकवली ती, असं मी आजही म्हणतो.

असं तिसरं वर्ष संपत आलं. चौथ्या मजल्यावरची भिंत हत्यारांनी भरून गेली, असं सुनबाई सांगायची. मी एकदा चिडवलं, "करंगुटकर, या हत्यारांची लग्नं लावून देताय की काय? चाळीस झाली. गिटार कुठाय?"

ते हसले नाहीत. "एकच राहिलंय," म्हणाले. "ते फार अवघड आहे. तोपर्यंत गिटारचं बाकीचं काम सुरू करू."

दुसऱ्या दिवशी मला रिक्षात घालून वसई पूर्वेला घेऊन गेले. तिथे कारखान्यांच्या मागे परदेशी मशीनची रिकामी खोकी पडलेली असतात, देवदाराच्या फळ्यांची. करंगुटकर एकेका फळीला कान लावायचे, बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि पुढे जायचे. वॉचमन आला. "क्या ढूंढ रहे हो अंकल? अंदर कोई नहीं है."

"है, है," करंगुटकर म्हणाले आणि मला बोलावलं. "ऐका नाना, ही बोलतेय."

मी ऐकलं. सागवानात जन्म गेला, पण फळीला कान लावून कधी ऐकलं नव्हतं. ती खरंच बोलत होती, लांबून कुणी हाक मारावी तशी. ती गिटारच्या छातीला घेतली. कुशीला, पाठीला आणि मानेला माझ्या गोठ्यातली फणसाची फळी दिली. वीस वर्षं सुकलेली होती, कुणाच्या तरी देव्हाऱ्यासाठी ठेवलेली.

मग काम भराभर झालं. सगळी हत्यारं आयती होती आणि खरं सांगायचं तर सगळी शहाणी होती. माझ्या तुटक्या करवतीच्या पात्याची त्यांनी खरवडणी केली होती, तिनं फणस लोण्यासारखा गुळगुळीत व्हायचा. मी रोज बघायचो, चुका काढायचो. हात लावायचो नाही.

शेवटी राहिली मान. गिटारच्या मानेवर तारांखाली आडव्या धातूच्या पट्ट्या असतात. त्या बसवायला एकोणीस खाचा पाडायच्या असतात, कागदासारख्या बारीक, काटकोनात आणि सारख्या खोल. एक जरी केसभर तिरकी गेली तरी गिटार जन्मभर बेसूर. त्या सकाळी करंगुटकर पिशवी न आणता खोकं घेऊन आले. त्यात ते राहिलेलं एक हत्यार होतं.

लाकडी पेटी होती, वर-खाली उघडी. दोन्ही बाजूंना छोट्या चाकांच्या जोड्या, त्यांच्यामध्ये करवत. हॅकसॉच्या पात्याचे दात घासून ती बारीक केलेली. चाकांमधून ती फक्त पुढे आणि मागे जायची, इकडे तिकडे हलायची सोयच नाही. हवी तेवढी खोल गेली की तिची पाठ पेटीच्या कडेवर टेकायची, पुढे उतरायचीच नाही. मूठ मात्र भलतीच जाड होती आणि जड होती.

"मुठीत काय भरलंय?" मी विचारलं. "गूळ?"

"शिसं," ते म्हणाले. "जड मूठ स्थिर चालते. खाचा तुम्ही पाडा, नाना."

"मला येळ नाय."

"ओट्यावर तर बसलाय."

"ते माझं काम हाय."

मग त्यांनी स्वतः एका निकामी तुकड्यावर करून दाखवायला घेतलं आणि इतकं वाईट करून दाखवलं की काय सांगू. माणूस धडपडत होता. कोपर पेटीवर आपटत होतं. करवत अर्ध्यात अडकत होती. ज्या माणसानं साठ चकत्या सारख्या कापल्या, त्याला एक खाच पाडता येईना. दुसऱ्या खाचेला त्यांनी लाकडाचा टवका काढला. तिसरीला ते सरळ गिटारच्या मानेकडेच वळले.

"ओ, सरका बाजूला!" मी उठलोच. "लाकडाची काय दुश्मनी हाय का तुमच्याशी?"

आणि मूठ धरली.

धरल्यावर मला आठवलं की आपण हे धरायचं नव्हतं. पण तोवर हात बसला होता. तो थरथरला. ते थरथरणं मुठीतल्या शिशापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं, पात्यापर्यंत पोचलं नाही. मी करवत पुढे नेली. मागे आणली. फणसाचा पिवळा भुसा रेघेसारखा खाली पडला. पाठ टेकली. मी करवत उचलून बघितलं, तर खाच अशी की जणू लाकूड जन्मतःच ती घेऊन आलं होतं. दोन वर्षांत मी पाडलेली पहिली सरळ रेघ.

एकोणीस खाचा मी पाडल्या. सुनबाई दारात उभी होती. करंगुटकर खाली मान घालून भुसा झाडत होते. शेवटची पाडून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की माझं कोपर कुठेच आपटलं नाही. मूठ, टेकू, लाकूड दाबायचा पट्टा, सगळं डाव्या अंगाला होतं. करंगुटकर उजवे. ते हत्यार त्यांनी स्वतःसाठी केलंच नव्हतं. आणि मूठ माझ्या पंजात अशी बसली होती की माप घेतल्याशिवाय तशी बसत नाही. कधी घेतलं असेल? तीन वर्षं हा माणूस दिसेल ते मोजत होता. मी त्याला हसत होतो.

"बरं हाय हत्यार," मी म्हणालो. माझ्या तोंडून त्यांनी ऐकलेलं हे पहिलं बरं.

तारा आणि त्या पिळायच्या खुंट्या मात्र विकत आणाव्या लागल्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. तारा चढवल्या, ओट्यावर बसून त्यांनी एक तार छेडली. फक्त एक. वाजवता येतच नव्हती ना. आवाज अंगणभर गेला, सुनबाई पिठाच्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, "आपल्या गोठ्यातली फळी ही?" करंगुटकरांनी गिटार कापडात गुंडाळली, मला नमस्कार केला आणि गेले. असा नमस्कार त्यांनी आधी कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नऊला मी ओट्यावर. करंगुटकर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाही. मी म्हटलं, नाशिकला गेले असतील. मग संध्याकाळी ते भाजी घेऊन जाताना दिसले. फाटकापाशी पाय थोडे हळू झाले. हातातल्या पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेले. आठवडा झाला. मी आपणहून कुणाला हाक मारत नाही. साऱ्या उमेळ्याला माहीत आहे.

"जाऊन या ना बाबा," सुनबाई म्हणाली.

"काय म्हनून जाऊ?"

"तेही वर बसून हेच म्हणत असतील."

मी माळ्यावर शिडी लावली, पेटीतून माझा रंधा काढला, फडक्यात बांधला आणि माझ्याच वाडीवर उभ्या असलेल्या त्या इमारतीत आयुष्यात पहिल्यांदा शिरलो.

दार उघडंच होतं. लाकूड फुगून लागतच नव्हतं. आत भिंतीवर हत्यारं रांगेनं लावलेली, प्रत्येकाच्या भोवती पेन्सिलची रेघ. टेबलावर गिटार. एक खुर्ची. टेबलाला दुसरी खुर्ची नव्हतीच. करंगुटकर वही उघडून बसले होते आणि पान कोरं होतं.

"नाना! तुम्ही?" ते उभे राहिले. मला खुर्ची दिली, स्वतः कुठे बसायचं ते त्यांना कळेना. "येणार होतो मी. पण काम संपलं ना. हातात काही नसताना उगाच येऊन तुमचा वेळ..."

तीन वर्षं रोज एक मिनिट मागून चार तास बसणारा माणूस हे म्हणत होता.

मी मनात बरंच जुळवून आलो होतो. दार तासून देतो म्हणणार होतो. लाटणं मापात करायचंय म्हणणार होतो. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. मी फडकं सोडलं, रंधा टेबलावर ठेवला आणि डावा हात त्याच्या बाजूला ठेवला. उघडा.

"हात थरथरतो माझा," मी म्हणालो. "दोन वर्सं झाली. रंधा चालत नाय. काय तरी करा याचं."

त्यांना ते माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. पण मोठ्यानं मी ते तेव्हाच ऐकलं.

करंगुटकर टेबलाच्या कडेवर टेकले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. तो थरथरत होता, त्यांनी दाबून धरायचा प्रयत्न केला नाही. थरथरू दिला.

"रंधा लांब करावा लागेल," शेवटी म्हणाले. "आणि बाजूनं एक टेकू. सोपं नाही, वेळ लागेल. कदाचित पाच-सहा हत्यारं आधी करावी लागतील."

"लागू दे."

"मग उद्या सकाळी येतो मी."

"उद्या कशाला?" मी म्हणालो. "आताच चला."